प्रापंचिकांनी करायचं काय? सुरुवातीच्या ख्रिस्ती शिकवणीचं उत्तर

वसईकडचा माझा एक मित्र दर रविवारी न चुकता मिस्साला जातो. काही वर्षांपूर्वी त्यांच्या चर्चमध्ये एक बैठक झाली. रोमहून निघालेला प्रश्न गावोगावच्या चर्चपर्यंत पोचला होता: सामान्य भाविकांना काय वाटतं ते सांगा. मित्राने आपलं म्हणणं सांगितलं, चहा-बिस्किटं घेतली आणि घरी आला. रात्री फोनवर म्हणाला, “मत विचारलं, बरं वाटलं रे. पण आमचं काम काय, हे पन्नाशी आली तरी मला धड माहीत नाही. मिस्साला जा, वर्गणी दे, पोरांचे संस्कार वेळेवर कर. एवढंच?”

प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही. कॅथलिक जगात गेली काही वर्षं ‘सिनड’ हा शब्द सारखा कानावर येतोय. सिनड म्हणजे मुळात बिशपांची विचारविनिमयाची सभा. पोप फ्रान्सिस यांनी २०२१ मध्ये सुरू केलेल्या सिनडसाठी आधी जगभरातून लोकांची मतं मागवली गेली आणि मग ऑक्टोबर २०२३ आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये रोमला दोन मोठ्या बैठका झाल्या. तिथे बिशपांच्या बरोबरीने काही सामान्य स्त्री-पुरुषांनीही मतदान केलं. बायकांना सिनडमध्ये मत मिळण्याची ती पहिलीच वेळ. एप्रिल २०२५ मध्ये फ्रान्सिस वारले, मे महिन्यात लिओ चौदावे पोप झाले. पण जो फादर नाही, सिस्टर नाही, त्याची जागा कोणती, हा प्रश्न आहे तिथेच आहे.

हक्कांबद्दल पुष्कळ बोललं जातं. मला मित्राच्या प्रश्नाचं दुसरं टोक जास्त खुणावतं, कर्तव्याचं. त्याचं रोखठोक उत्तर सुरुवातीच्या शतकांतल्या लिखाणात सापडतं. ख्रिस्ती असणं तेव्हा रोमन साम्राज्यात धोक्याचं होतं, स्वतंत्र चर्चच्या इमारती फारशा नव्हत्या आणि लोक कुणाच्या तरी घरी जमायचे.

‘प्रापंचिक’ कुणाला म्हणायचं?

फादर किंवा सिस्टर नसलेल्या भाविकाला मराठी कॅथलिक मंडळी ‘प्रापंचिक’ म्हणतात. शब्द छान आहे, पण मराठी कानाला तो लगेच एका जोडीत ऐकू येतो: इकडे प्रपंच, तिकडे परमार्थ. म्हणजे परमार्थ करणारे दुसरेच कुणीतरी, आणि आपण त्यांना नमस्कार करणारे.

मूळ ग्रीक शब्द आहे ‘लाइकोस’. ‘लाओस’ म्हणजे लोक, प्रजा. लाइकोस म्हणजे त्या लोकांतला एक. नव्या करारात, म्हणजे बायबलच्या दुसऱ्या भागात, सगळ्या विश्वासणाऱ्यांना मिळून ‘लाओस’ म्हटलंय, आणि पेत्राच्या नावच्या पहिल्या पत्रात तर सगळ्यांनाच ‘राजकीय याजकगण’, म्हणजे राजाच्या पुरोहितांचा समूह, असं संबोधलंय. ‘लाइकोस’ हा सुटा शब्द मात्र नव्या करारात नाही. ख्रिस्ती लिखाणात तो पहिल्यांदा दिसतो तो साधारण इ.स. ९६ च्या सुमाराला, रोमच्या मंडळीने ग्रीसमधल्या करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात. हे पत्र क्लेमेंटच्या नावाने ओळखलं जातं. (‘मंडळी’ म्हणजे एका गावातल्या ख्रिस्ती लोकांचा समुदाय. पुढे हाच शब्द वापरतो.)

प्रसंग भांडणाचा होता. करिंथमध्ये काही लोकांनी मंडळीच्या वडीलधाऱ्यांना पदावरून काढलं होतं. क्लेमेंट यहुदी मंदिराचा दाखला देतो: महायाजकाची कामं वेगळी, याजकांची वेगळी, लेव्यांची (मंदिरातल्या सेवेकऱ्यांची) वेगळी, आणि लाइकोस माणूस लाइकोसांच्या नियमांनी बांधलेला. थोडक्यात, जो तो आपापल्या जागी राहा. शब्द जन्माला आला तोच शिस्त लावायला, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

दिंडीत विणेकरी असतो, टाळकरी असतात, पताका धरणारे असतात. पण हातात वीणा नाही म्हणून कुणाला ‘बिनविणेकरी’ म्हणत नाहीत, सगळे वारकरीच. पहिल्या पिढ्यांतल्या मंडळ्या बऱ्याचशा अशा होत्या. वडील (मंडळीचे वडीलधारे पुढारी) होते, बिशप होते, सेवक होते, पण उरलेल्यांसाठी वेगळं नाव लागत नव्हतं. म्हणून त्या काळच्या शिकवणीत ‘प्रापंचिकांची कर्तव्ये’ असं प्रकरण शोधाल तर मिळणार नाही. जे लिहिलंय ते सगळ्यांनाच लागू आहे.

हरवलेली पुस्तिका

१८७३ मध्ये फिलोथेओस ब्रायेनिओस नावाचे एक ग्रीक ऑर्थोडॉक्स धर्मगुरू कॉन्स्टँटिनोपलच्या, म्हणजे आजच्या इस्तंबूलच्या, एका मठाच्या ग्रंथालयात जुनी हस्तलिखितं चाळत होते. १०५६ साली नकललेल्या एका बाडात त्यांना एक छोटा मजकूर सापडला: ‘बारा प्रेषितांची शिकवण’. अभ्यासक त्याला नुसतं ‘डिडाखे’, म्हणजे ‘शिकवण’, म्हणतात. जुन्या लेखकांनी तिचा उल्लेख केला होता, पण पूर्ण मजकूर शतकानुशतकं कुणी पाहिला नव्हता. १८८३ मध्ये ती छापून आली आणि अभ्यासकांत खळबळ उडाली, कारण तिचा काळ पहिल्या शतकाच्या अखेरीचा किंवा दुसऱ्याच्या सुरुवातीचा ठरतो.

सोळा छोटी प्रकरणं. सुरुवात थेट: दोन वाटा आहेत, एक जीवनाची, एक मरणाची. मग जीवनाच्या वाटेवर काय करायचं त्याची उतरंड. देवावर प्रेम, शेजाऱ्यावर प्रेम, शिव्या देणाऱ्यांना आशीर्वाद. त्याच दमात: खून नको, व्यभिचार नको, चोरी नको, जादूटोणा नको, गर्भपात नको, जन्मलेलं मूल टाकून देऊ नको. नको असलेलं तान्हं बाळ उघड्यावर सोडून देणं त्या काळच्या रोमन समाजात सर्रास चालायचं, म्हणून ते वेगळं सांगावं लागलं.

पुढे रोजचे नियम येतात. ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ ही प्रार्थना दिवसातून तीनदा म्हणा. बुधवारी आणि शुक्रवारी उपास करा. ‘ढोंगी’ सोमवारी आणि गुरुवारी करतात, तुम्ही तसं करू नका. सोमवार-गुरुवार हे धर्मनिष्ठ यहुद्यांचे उपासाचे वार. आपल्याकडे स्मार्त एकादशी आणि भागवत एकादशी कधी कधी एका दिवसाच्या अंतराने येतात आणि कोण कोणती धरतो त्यावरून घराणं कळतं, तसाच हा प्रकार. ज्यांच्या पोटातून नवा पंथ निघाला त्यांनाच ‘ढोंगी’ म्हणणं मला खटकतं, पण मजकूर तसा आहे.

प्रभूच्या दिवशी, म्हणजे रविवारी, जमा आणि भाकर मोडा. पण कुणाशी भांडण असेल तर ते मिटेपर्यंत त्या जेवणात बसू नका. आणि बिशप व सेवक तुम्हीच निवडा, असंही सांगितलंय. हे सगळं बिशपांना उद्देशून लिहिलेलं नाही. वाचणारा, ऐकणारा आहे तो गावातला साधा माणूस.

दारात पाहुणा आला तर

या पुस्तिकेतला माझा सगळ्यात आवडता भाग फिरत्या उपदेशकांचा. चित्र डोळ्यांपुढे आणा. सीरियातलं एखादं गाव, संध्याकाळ, धुळीने माखलेला एक माणूस दारात उभा. म्हणतो, मी प्रेषित आहे, प्रभूच्या नावाने आलोय. टपाल नाही, ओळखपत्र नाही. घरधन्याने करायचं काय?

डिडाखे सांगते: प्रत्यक्ष प्रभू आला असं समजून त्याला घरात घ्या. तो एक दिवस राहील, गरज पडली तर दोन दिवस. तिसरा दिवस राहिला तर तो खोटा. निघताना पुढच्या मुक्कामापर्यंत पुरेल एवढी भाकरी द्या, बाकी काही नाही. पैसे मागितले तर तो खोटा. अंगात आल्यासारखा बोलू लागला आणि ‘इथे पंगत मांडा’ म्हणाला, आणि मग स्वतःच त्या पंगतीत जेवला, तर तो खोटा. ‘मला पैसे द्या’ म्हणाला तर ऐकू नका. पण दुसऱ्या गरजवंतासाठी मागत असेल तर त्याला बोल लावू नका.

‘एक दिवस पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई’ ही आपली म्हण त्या लेखकाला फार पटली असती.

पुढचा नियम साध्या वाटसरूंसाठी. कुणी गावात कायमचं राहू म्हणाला आणि त्याच्या हातात काही कसब असेल, तर त्याने काम करून खावं. कसब नसेल तर आपल्या समजुतीने त्याची सोय लावा, पण ख्रिस्ती म्हणवून घेत आयतं खाणारा तुमच्यात नको. तसं वागायला तो तयार नसेल तर तो ‘ख्रिस्ताचा व्यापार करणारा’. यासाठी ग्रीकमध्ये एकच नेमका शब्द वापरलाय, ‘ख्रिस्तेंपोरोस’. पहिल्या शंभरेक वर्षांतच असा शब्द घडवावा लागला, यावरून अनुभव काय आला असेल ते ओळखा.

म्हणजे पहिलं कर्तव्य दार उघडण्याचं, आणि त्याच्याच जोडीला दुसरं, पारख करण्याचं. ‘महाराज म्हणाले म्हणून’ ही सबब इथे चालत नाही. उपदेशक खरा की खोटा, हे ठरवायची जबाबदारी ऐकणाऱ्याची.

दानाबद्दलही अशीच दुहेरी सूचना आहे. आधी म्हणते: मागेल त्या प्रत्येकाला दे आणि परत मागू नकोस. चार ओळींनी म्हणते: कुणाला देतोस ते कळेपर्यंत तुझं दान तुझ्या तळहातात घामेजू दे. दोन्ही एकत्र कसं पाळायचं? लेखक सांगत नाही. सिग्नलला गाडीच्या काचेवर टकटक झाली की आपण खिशातलं नाणं मुठीत धरून घुटमळतो, ती अडचण दोन हजार वर्षांपूर्वीचीच आहे. गरज नसताना घेणाऱ्यालाही तिथे सोडलेलं नाही: का घेतलंस, कशाला घेतलंस, याचा जाब त्याला द्यावा लागेल आणि शेवटचा पैसा फिटेपर्यंत सुटका नाही.

रविवारची पेटी

इ.स. १५५ च्या आसपास रोममध्ये राहणाऱ्या जस्टिन या तत्त्वज्ञाने बादशहा अँटोनायनस पायसला उद्देशून एक निवेदन लिहिलं. ख्रिस्ती लोक चोरून काहीतरी भयंकर करतात अशा वावड्या उठत होत्या, त्यावरचा हा खुलासा. त्यात रविवारचं वर्णन आहे. शहरातले, खेड्यांतले सगळे एका ठिकाणी जमतात. प्रेषितांच्या आठवणी किंवा संदेष्ट्यांचं लिखाण वेळ असेल तोवर वाचलं जातं. सभेचा प्रमुख चार शब्द बोलतो. सगळे उभं राहून प्रार्थना करतात. मग भाकर, द्राक्षारस आणि पाणी आणलं जातं, प्रमुख आभार मानतो, लोक ‘आमेन’ म्हणतात, आणि जे येऊ शकले नाहीत त्यांच्या घरी सेवक वाटा पोचवतात.

शेवटी पैसा. ज्यांची ऐपत आहे ते मनाला येईल तेवढं देतात. जमलेलं प्रमुखाकडे राहतं आणि त्यातून अनाथ, विधवा, आजारी, कैदी आणि परगावाहून आलेले, या सगळ्यांची तो काळजी घेतो.

चाळीसेक वर्षांनी उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचा टर्टुलियन जवळपास हेच सांगतो. हा माणूस वकिली थाटात लिहिणारा, तिखट जिभेचा. महिन्यातून एकदा, किंवा जेव्हा जमेल तेव्हा, ज्याला जमेल तेवढं, सक्ती नाही. पैसा मेजवान्यांवर उडत नाही, तर गरिबांना जेवू घालण्यावर, त्यांच्या अंत्यविधीवर, आईबाप नसलेल्या मुलामुलींवर, म्हाताऱ्या झालेल्या गुलामांवर, जहाज फुटून देशोधडीला लागलेल्यांवर, आणि श्रद्धेपायी खाणीत, बेटांवर, तुरुंगात खितपत पडलेल्यांवर खर्च होतो.

महिन्याची वर्गणी म्हटल्यावर आपल्याला भिशी आठवते. रोमन शहरांतही अशी मंडळं होती: दरमहा पैसे भरायचे, अधूनमधून जेवणं झोडायची आणि मेल्यावर अंत्यविधीचा खर्च मंडळाने करायचा. पण भिशीत आज ना उद्या आपला नंबर लागतो. टर्टुलियनच्या पेटीत ज्याने टाकले त्याचा नंबर लागेलच असं नाही, आणि ज्याने एक पैसा टाकला नाही त्याचा पहिला लागू शकतो.

हे फक्त गोड वर्णन होतं की खरंच चालायचं? एक आकडा हाताशी आहे. २५१ च्या सुमाराला रोमचा बिशप कॉर्नेलियस एका पत्रात आपल्या मंडळीची मोजदाद देतो: एक बिशप, ४६ वडील, ७ सेवक, ७ उपसेवक, ४२ मदतनीस, भुतं काढणारे, वाचक आणि द्वारपाल मिळून ५२, आणि मंडळीच्या अन्नावर जगणाऱ्या विधवा व गरजू १५०० हून जास्त. सरकारी अनुदान नव्हतं. दीड हजार पोटं भरत होती ती बाजारात दुकान लावणाऱ्या, कापड विणणाऱ्या, मोलमजुरी करणाऱ्या लोकांच्या वर्गणीवर.

उपासाचे वाचलेले पैसे

दुसऱ्या शतकातला रोमचा हेर्मास हा एकेकाळी गुलाम होता, मग सुटला. त्याच्या ‘मेंढपाळ’ या ग्रंथात उपास कसा करावा ते आहे. त्या दिवशी फक्त भाकर आणि पाणी घ्यायचं. एरवी जेवायला किती खर्च आला असता त्याचा हिशेब करायचा आणि तेवढी रक्कम विधवेला, अनाथाला किंवा गरजवंताला द्यायची. साबुदाण्याची खिचडी, वऱ्याचे तांदूळ, बटाट्याचे पापड आणि वर केळ्याची शिकरण असा आपला उपास या हिशेबात तोट्यात जाईल.

श्रीमंत आणि गरीब यांच्या नात्यासाठी हेर्मास द्राक्षवेल आणि तिला आधार देणारं एल्मचं झाड असा दाखला देतो. आपल्याकडे पानमळ्यात शेवरीवर नागवेल चढवतात, अगदी तसं. झाडाला स्वतःचं फळ नाही. पण वेल त्याच्यावर चढली नाही तर जमिनीवर लोळते आणि तिचं फळ सडतं. श्रीमंत म्हणजे ते झाड: पैसा आहे, पण प्रार्थनेत कंगाल. गरीब म्हणजे वेल. झाडाने आधार द्यायचा, वेलीने दोघांसाठी प्रार्थना करायची. यात एक गोम आहेच. गरिबाने कृतज्ञतेने प्रार्थना करत राहावं अशी सोय लावलेली दिसते. पण फळ वेलीला लागतं आणि झाड नुसतं टेकू आहे, हे श्रीमंताला तोंडावर सांगायलाही धाडस लागतं.

धंदाच आड आला तर?

इथे गोष्ट अवघड होते. ‘प्रेषितीय परंपरा’ नावाचा एक नियमसंग्रह तिसऱ्या शतकातल्या रोमच्या हिप्पोलिटसच्या नावावर आहे. तो खरंच त्याचा का, यावर अभ्यासकांत वाद आहे. त्यात बाप्तिस्म्यासाठी येणाऱ्या उमेदवाराची आधी चौकशी होते: पोटापाण्यासाठी काय करतोस?

कुंटणखाना चालवतोस? सोडून ये. मूर्तिकार किंवा चित्रकार आहेस? मूर्ती करणं थांबव. ग्लॅडिएटर किंवा त्यांना शिकवणारा? सोड. नट? सोड. सैनिक? कुणाला ठार करायचं नाही, हुकूम मिळाला तरी. लहान मुलांचा शिक्षक? सोडलेलं बरं, पण दुसरी काही कला येत नसेल तर चालेल. शिक्षकाचं इतकं काय, असं वाटेल. पण शाळेत जे शिकवायचं ते सगळं देवदेवतांच्या कथांनी भरलेलं होतं. इतक्या कडक यादीत ‘पोट भरायला दुसरं काही नसेल तर राहू द्या’ ही एक ओळ कुणीतरी घातली; त्या माणसाच्या डोळ्यांपुढे कुणीतरी खराखुरा मास्तर असणार.

पुढे साधारण तीन वर्षं शिकवण. आणि अखेरीस जी चौकशी होते तिच्यात पाठांतर विचारत नाहीत. विचारतात ते असं: याने विधवांचा मान राखला का? आजाऱ्यांना भेटायला गेला का? चांगली कामं केली का? ज्यांनी त्याला आणलं त्यांनी साक्ष द्यायची.

‘आपलं आपलं बघणंच ना हे?’

रास्त शंका आहे. बरीचशी मदत मंडळीतल्या माणसांसाठीच होती, हे खरं. पण तेवढ्यावर थांबली नाही. याची साक्ष विरोधकाकडून मिळते. ३६२ मध्ये बादशहा ज्युलियन, जो ख्रिस्ती घरात वाढून जुन्या रोमन देवांकडे परतला होता, एका पुजाऱ्याला चिडून लिहितो की हे गॅलिलीवाले (म्हणजे ख्रिस्ती) आपल्या गरिबांना तर पोसतातच, शिवाय आमच्याही पोसतात. त्याने मग आपल्या देवळांमार्फत धर्मशाळा काढायचा हुकूम दिला.

तिसऱ्या शतकाच्या मध्यात इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियात साथ आली तेव्हाचं बिशप डायोनिसियसचं पत्र आहे. आजाऱ्यांची सेवा करताना मेलेल्यांत वडील होते, सेवक होते आणि सामान्य लोकही होते, असं तो नमूद करतो. स्वतःच्या माणसांची स्तुती आहे, तेव्हा थोडं तिखटमीठ वगळून घ्यावं. पण कोविडच्या पहिल्या लाटेत शेजारच्या दारात डबा ठेवून पळणारे आपण सगळ्यांनी पाहिलेत. त्या साथीत आत जाऊन तोंड पुसणारे होते.

सगळे असे शूर होते का? मुळीच नाही. २५० मध्ये बादशहा डेशियसने सगळ्यांना देवांपुढे बळी द्यायला लावलं, तेव्हा कार्थेजमध्ये झुंबड उडाली. कुणी बळी दिला, कुणी पैसे चारून ‘बळी दिला’ असा दाखला मिळवला. साथ ओसरल्यावर माणसं बाहेर पडतात तशी छळ ओसरल्यावर हे लोक परत आले, आणि यांना आत घ्यायचं कसं यावर पुढची कित्येक वर्षं वाद चालला.

हिशेब विचारायचा की नाही?

माहितीच्या अधिकाराची सवय झालेल्या वाचकाला पेटीचं ऐकल्यावर हाच प्रश्न आधी सुचला असेल. याची त्या काळात दोन उत्तरं आहेत आणि ती एकमेकांशी जुळत नाहीत.

तिसऱ्या शतकातल्या सीरियातलं ‘डिडास्कालिया’ हे पुस्तक सांगतं: तुला द्यायची आज्ञा आहे, बिशपला वाटायची. त्याच्याकडे हिशेब मागू नकोस, तो देवाला जबाबदार आहे. बिशपला बापासारखा मान. प्रापंचिकाचं काम देणं आणि ऐकणं. पण याच पुस्तकात बिशपलाही बजावलंय. सभा चालू असताना एखादा गरीब, त्यातून म्हातारा माणूस आला आणि बसायला जागा नसली, तर बिशपने त्याला जागा करून द्यावी, मग त्यापायी स्वतः जमिनीवर बसावं लागलं तरी बेहत्तर.

त्याच शतकात कार्थेजचा बिशप सायप्रियन आपल्या मंडळीच्या वडीलधाऱ्यांना आणि सेवकांना लिहितो की पदावर आल्यापासून तुमच्या सल्ल्याशिवाय आणि लोकांच्या संमतीशिवाय काही करायचं नाही असं मी ठरवलंय. स्पेनमधल्या दोन बिशपांनी छळाच्या काळात ‘बळी दिला’ असे दाखले घेतले होते. तिथल्या लोकांनी त्यांना पदावरून दूर केलं आणि विचारणा केली. सायप्रियन आणि त्याच्या सोबतच्या बिशपांचं उत्तर स्पष्ट आहे: लायक माणूस निवडणं आणि नालायकाला नाकारणं हे लोकांच्या हातात आहे, आणि पापी बिशपच्या मागे राहून आपण निर्दोष सुटू असं लोकांनी समजू नये.

मला दुसरं उत्तर पटतं, कारण ते डिडाखेच्या ‘पारखून घ्या’ या सांगण्याशी जुळतं. पण पुढच्या शतकांत जास्त टिकलं ते पहिलं.

बायका आणि गुलाम

साधारण ११२ मध्ये काळ्या समुद्राच्या किनाऱ्यावरच्या प्रांताचा रोमन सुभेदार प्लिनी, बादशहा ट्राजनला कळवतो की हे लोक ठरलेल्या दिवशी पहाटे जमतात, ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र म्हणतात आणि शपथ घेतात. कटाची शपथ? नाही. चोरी, दरोडा, व्यभिचार करणार नाही, शब्द मोडणार नाही, विश्वासाने ठेवलेला ऐवज मागितल्यावर नाकारणार नाही. खरं खोटं करायला प्लिनीने दोन गुलाम बायकांचा छळ केला. त्यांना मंडळीत ‘सेविका’ म्हणत, असं तो लिहितो. नावं त्याने दिली नाहीत. गुलाम, बाई, आणि मंडळीत जबाबदारीचं काम.

म्हणून सगळं समतेचं होतं असं समजू नये. डिडाखे मालकाला सांगते की गुलामाशी कडवटपणे वागू नकोस, आणि गुलामाला सांगते की मालकाचं ऐक. गुलामगिरीच नको, असं ती म्हणत नाही. डिडास्कालिया विधवांना शिकवायला आणि बाप्तिस्मा द्यायला मनाई करते. मनाई करावी लागली म्हणजे कुठेतरी त्या ते करत असाव्यात, एवढंच आपण ताडू शकतो.

‘मी काही संन्यासी नाही’

३१३ नंतर छळ थांबला, इमारती उभ्या राहिल्या, बादशहाच ख्रिस्ती झाले. वाळवंटात जाऊन तप करणारे साधू प्रसिद्ध झाले. मग लोक म्हणू लागले की पवित्र राहणं, वचन वाचणं हे त्यांचं काम; आम्हाला बायकापोरं आहेत, धंदा आहे. प्रपंच आणि परमार्थ यांची फारकत झाली ती इथे.

सीरियातल्या अँटिओकमध्ये ३८६ पासून प्रवचनं करणाऱ्या जॉनला लोक पुढे ‘क्रिसोस्टोम’, म्हणजे सोन्याच्या तोंडाचा, म्हणू लागले. ही सबब तो धरून धरून झोडपतो. साधू किनाऱ्यावर आहे, तू भर समुद्रात. मग औषधाची गरज जास्त कुणाला? त्याच्या मते साधू आणि गृहस्थ यांच्यात फरक एकच, लग्नाचा. बाकी सगळ्या आज्ञा दोघांना सारख्या. घरात प्रार्थनेला उभा राहतोस तिथेच गरिबांसाठी एक छोटी पेटी ठेव, असं तो सांगतो. आधी तिच्यात टाक, मग हात जोड.

एव्हाना मंडळीच्या यादीवर रोज जेवणाऱ्या विधवा आणि कुमारिका एकट्या अँटिओकमध्ये तीन हजार होत्या, हा त्याचाच आकडा. संस्था मोठी झाली होती. जमिनी होत्या, घरं होती. आणि त्यावर त्याची तक्रार अशी, की तुम्ही हात आखडता घेतलात म्हणून चर्चला जमीनजुमला सांभाळावा लागतो, आणि जे बिशप आत्म्यांची काळजी घ्यायचे ते सुगीची, द्राक्षांच्या तोडणीची, विक्रीची उठाठेव करत मुनीम झालेत.

पुढे कॉन्स्टँटिनोपलमध्ये त्याने परक्यांना घरी उतरवून घ्यायला सांगितलं, तेव्हा श्रोत्यांकडे उत्तर तयार होतं: त्यासाठी चर्चची धर्मशाळा आहे की. माझ्या मित्राच्या ‘वर्गणी दे, एवढंच?’ या प्रश्नाचीच ही जुनी आवृत्ती. त्यावर जॉनने विचारलं: धर्मगुरू प्रार्थना करतात, म्हणून तू करायची नाहीस का? मग त्याने सोय कशी करायची तेही सांगितलं. घरातली एक खोली परक्यासाठी राखून ठेव. तिथे एक खाट टाक, एक मेज मांड, एक दिवा ठेव.